अठराव्या वर्षीचा भाव

२ मार्च २००८ रोजी क्वालालंपूरला भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला आणि काही दिवसांतच ती मुलं आयपीएलच्या संघांमध्ये वाटली गेली. स्पर्धेचा पहिला हंगाम तोंडावर आला होता. नामांकित खेळाडूंचा लिलाव फेब्रुवारीतच उरकला होता. या मुलांसाठी मात्र बोली नव्हती, ड्राफ्ट होता. मानधन आधीच ठरलेलं, आणि संघांनी पाळीपाळीने एकेक मुलगा उचलायचा. अमेरिकेतले बेसबॉलचे व्यावसायिक संघ १९६५ पासून शाळा-कॉलेजातली मुलं अशीच उचलत आले आहेत. दिल्लीची पाळी बंगळूरच्या आधी आली. विश्वविजेत्या संघाचा कर्णधार दिल्लीचाच मुलगा होता. पण दिल्लीने प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला आणि तो कर्णधार, विराट कोहली, बंगळूरला गेला.

हा किस्सा आता दिल्लीची फजिती म्हणून सांगितला जातो. पण त्या दिवशीच्या टेबलावर काय होतं ते बघायला हवं. दिल्लीकडे सेहवाग, गंभीर, शिखर धवन आणि डिव्हिलियर्स आधीच होते. आणखी एक फलंदाज घेऊन त्याला बाकावरच बसवावं लागलं असतं. डावखुरा वेगवान गोलंदाज मात्र हवा होता. सांगवानही काही वाया गेला नाही. चौदा वर्षांनी, २०२२ मध्ये, गुजरात टायटन्सने पहिल्याच फटक्यात आयपीएल जिंकली त्या संघातून तो खेळला. आणि कोहली? पहिल्या हंगामात त्याने १३ सामन्यांत १६५ धावा केल्या, सरासरी १५. त्या वर्षीचा सर्वोत्तम एकोणीस वर्षांखालचा खेळाडू ठरला त्याच्याच संघातला श्रीवत्स गोस्वामी. जून २००८ मध्ये कुणी या ड्राफ्टचं प्रगतिपुस्तक भरलं असतं, तर गोस्वामीला पहिला वर्ग आणि कोहलीला काठावर पास असा शेरा पडला असता.

एकट्या कोहलीवरून काही सिद्ध होत नाही, हे खरं. म्हणून सगळा संघ घेऊ. विश्वचषकाच्या त्या पंधरा जणांपैकी भारताच्या मुख्य संघाकडून खेळले पाच: कोहली, रवींद्र जडेजा, मनीष पांडे, सौरभ तिवारी आणि सिद्धार्थ कौल. तिवारीच्या वाट्याला तीनच एकदिवसीय सामने आले. स्पर्धेत सर्वांत जास्त, २६२ धावा करणारा तन्मय श्रीवास्तव भारताकडून कधीच खेळला नाही. २०२५ मध्ये तो आयपीएलमध्ये पंच म्हणून उभा राहिला. अंतिम सामन्याचा मानकरी अजितेश अर्गल पुढे बडोद्याकडून खेळला आणि प्राप्तिकर खात्यात नोकरीला लागला. ही सगळी मुलं आपापल्या वयातल्या जगातली अव्वल होती. विश्वचषकाहून मोठी परीक्षा त्या वयात दुसरी नाही. तरी त्या परीक्षेतला पहिला नंबर पुढच्या दहा वर्षांबद्दल फार थोडं सांगू शकला.

ड्राफ्टमध्ये उचललेला मुलगा ‘बरोबर निघाला’ की ‘फुकट गेला’ असं जे आपण म्हणतो, त्यात दोन वेगळे हिशेब एकत्र झालेले असतात. एक, निवडणाऱ्याने त्या दिवशी जे पाहिलं ते नीट पाहिलं का. दोन, निवडीनंतर त्या मुलाला काय मिळालं: सामने किती, प्रशिक्षक कोण, दुखापत झाली तेव्हा कोणी सांभाळलं. पहिल्या हिशेबाला आपण नको इतकं महत्त्व देतो आणि दुसरा कोणी मांडतच नाही. माझ्या मते अठरा वर्षांच्या खेळाडूच्या बाबतीत दुसराच हिशेब जास्त बोलतो, आणि जिथे तो मांडला जात नाही तिथे निवड म्हणजे निव्वळ सोडत होऊन बसते.

बेसबॉलवाल्यांनी या कामाचं जवळजवळ शास्त्र केलं आहे. त्यांचे पारखी २० ते ८० अशा मापावर गुण देतात. ५० म्हणजे सर्वोच्च पातळीवरचा सरासरी खेळाडू. फलंदाजाचे पाच गुण वेगवेगळे तोलले जातात: चेंडू लागतो किती सातत्याने, लागला तर जातो किती लांब, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण. यातली शहाणपणाची गोष्ट अशी की प्रत्येक गुणाला दोन आकडे असतात, एक आजचा आणि एक पुढे कुठवर जाईल त्याच्या अंदाजाचा. सतरा वर्षांच्या मुलाचा आजचा आकडा ३० आणि पुढचा ६० असू शकतो. मधले ३० गुण भरून कोण काढणार, हा प्रश्न त्या कागदावरच उभा राहतो. एवढं करूनही चुका होतात, आणि त्या प्रचंड असतात. माइक पियाझाला १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत, १३९०व्या क्रमांकावर उचललं. ते ओळखीखातर केलेलं काम मानलं जातं. आज तो त्या खेळाच्या मानकऱ्यांच्या दालनात आहे. अल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये ४०२वा होता. २००९ मध्ये एकाच संघाला लागोपाठ दोन पाळ्या मिळाल्या. चोविसाव्या क्रमांकावर त्यांनी रँडल ग्रिचक घेतला आणि पंचविसाव्यावर माइक ट्राउट, जो पुढे त्याच्या पिढीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. (क्रम लावताना करारासाठी मुलगा किती पैसे मागेल याचंही गणित असतं, हे लक्षात घेऊनसुद्धा.) आणि २०१३ चा पहिला मानकरी मार्क अॅपल? तो सर्वोच्च पातळीवर पहिल्यांदा उभा राहिला २०२२ मध्ये, तिशीत, मध्ये एकदा खेळ सोडून परत आल्यावर.

म्हणजे पारख हे थोतांड आहे का? तसं म्हणणं सोपं आहे, पण चूक आहे. बेसबॉलच्या पहिल्या फेरीत उचललेल्या मुलांपैकी साधारण दोनतृतीयांश कधी ना कधी सर्वोच्च पातळीवर पोचतात, आणि फेरी जसजशी खाली जाते तसतसं हे प्रमाण घसरत जातं. २०१३ मध्ये अॅपलच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर गेलेला क्रिस ब्रायंट तीन वर्षांत त्याच्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू झाला. पारख्याला गर्दीतून चांगली मुलं वेगळी काढता येतात. त्या चांगल्यांतला सर्वांत चांगला कोण, हे मात्र त्याला सांगता येत नाही. म्हणून तिथले संघ एका हिऱ्यावर सगळं लावत नाहीत. पूर्वी चाळीस किंवा त्याहून जास्त आणि आता वीस फेऱ्यांत ढीगभर मुलं घेतात, त्यांना खालच्या पायरीच्या संघांत वर्षानुवर्षं खेळवतात आणि मग बघतात. पायऱ्या चार-पाच, आणि बहुतेक पायऱ्यांवर हंगामात शंभराहून जास्त सामने. तिथली पारख टिकते ती मागच्या या व्यवस्थेच्या जोरावर.

आपल्याकडे ही मधली पायरीच नाही. अठराव्या वर्षी आयपीएलच्या संघात गेलेला मुलगा एकतर थेट रोहित शर्मासमोर गोलंदाजी करतो, नाहीतर दोन महिने पाणी नेतो. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला २०२२ मध्ये चेन्नईने दीड कोटीला घेतलं. पहिला हंगाम तो बाकावर होता. ३१ मार्च २०२३ ला अहमदाबादेत गुजरातविरुद्ध पहिलाच सामना खेळताना त्याने ३ बळी घेतले, आणि त्यानंतर पुन्हा मोजकीच संधी मिळाली. तो कमी पडला की त्याला पुरेसं तपासलंच गेलं नाही, हे दोन-चार सामन्यांवरून ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. कमलेश नागरकोटीला कोलकात्याने २०१८ मध्ये ३ कोटी २० लाखांना घेतलं आणि आधी पायाच्या आणि मग पाठीच्या दुखण्याने तो दोन हंगाम मैदानात उतरलाच नाही. कोलकात्याने तेव्हा त्याला सोडलं नाही, ही त्यांच्या बाजूने नोंदवण्याजोगी गोष्ट. अठरा-एकोणीस वर्षांच्या वेगवान गोलंदाजाची पाठ अजून पक्की झालेली नसते, आणि नेमक्या त्याच वयात त्याचा वेग पाहून त्याला कोटीचा भाव येतो.

आता हा सगळा प्रश्न सुरतेच्या लिंबायतमध्ये आणून बघू. रेल्वेरुळांच्या पूर्वेचा हा भाग जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेल्या मराठी कुटुंबांनी भरलेला आहे. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, आणि लूमच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या आहेत. इथल्या पोराचं क्रिकेट बहुतेक टेनिस बॉलवरचं. नीलगिरी मैदानासारखी मोकळी जागा सभांनाही लागते आणि कार्यक्रमांनाही. सुरत जिल्हा क्रिकेट संघटनेचं लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियम शहराच्या दुसऱ्या टोकाला. कागदोपत्री वाट सरळ आहे: जिल्ह्याचा चौदा आणि सोळा वर्षांखालचा संघ, मग गुजरात, मग निवड समितीची आणि आयपीएलच्या पारख्यांची नजर. घरात खानदेशी बोलणारा मुलगा इथे महाराष्ट्राचा नाही, गुजरातचा उमेदवार असतो. पण बाराव्या वर्षी लेदर बॉल, पॅड, रोजची ने-आण आणि पाळी सोडून सोबत जाणारं माणूस लागतं. पाळी सोडली की त्या दिवसाची मजुरी गेली. निवडीच्या दिवशी मैदानावर जे ‘टॅलेंट’ दिसतं त्यात हे सगळं आधीच मिसळलेलं असतं. तयार कापडाचा ताका उलगडून त्याची प्रत ठरवता येते. लूमवर अजून अर्धं विणलेलं कापड असताना ती ठरवणारा व्यापारी सुरतेत टिकणार नाही. क्रिकेटमध्ये मात्र हे सर्रास चालतं.

अर्धं विणलेलं म्हणजे किती, याचा अंदाज वयावरून येतो. भारतीय क्रिकेट मंडळाच्या वयोगटांची रेषा १ सप्टेंबरला ओढलेली असते. सप्टेंबरात जन्मलेला आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेला अशी दोन मुलं एकाच गटात खेळतात, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे काही इंच उंची आणि चेंडूमागे बराच जोर. कॅनडातल्या आइस हॉकीवर रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की निवडक संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी असते. पुढे फुटबॉलपासून बेसबॉलपर्यंत अनेक खेळांत तेच आढळलं. मोठ्या मुलाला निवडतात, निवडल्यामुळे त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि तीन वर्षांनी तो खरोखरच चांगला झालेला असतो. मग निवडणारे म्हणतात, बघा, आमची नजर. वय चोरण्यावर इलाज म्हणून मंडळ सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतं. त्यातून बनावट दाखल्याला काहीसा आळा बसतो. उशिरा वाढणाऱ्या पोराला मात्र त्या एक्स-रेचा काही फायदा नाही. त्याचं हाड कोवळं आहे हे कळल्यावर ‘याला दोन वर्षं थांबून बघू’ असं कुणी लिहून ठेवत नाही. तसं लिहून ठेवलं, तर बेसबॉलवाल्यांचा तो दुसरा आकडा आपल्याकडे फुकटात येईल.

आकड्यांचंही तसंच. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला शालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या आणि देशभर गाजावाजा झाला. समोरचा संघ बराच लहान मुलांचा होता आणि मैदानाची एक बाजू आखूड होती. त्या मुलाचा यात काय दोष? त्याने समोर आलेला चेंडू मारला. पण त्या आकड्यावरून भविष्य सांगणाऱ्यांनी त्याच्या खांद्यावर जे ओझं ठेवलं ते त्याने मागितलं नव्हतं. धावा कुणाविरुद्ध, कुठल्या मैदानावर, कुठल्या चेंडूवर, हे न विचारता टाकलेला कटाक्ष म्हणजे पारख नव्हे. हेच यंत्राच्या आकड्यालाही लागू. २००८ मध्ये भारतात एका अमेरिकी स्पर्धेत वेग मोजायच्या यंत्रापुढे चेंडू फेकून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि त्यांच्याशी पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाने करार केला. हातात वेग खरोखरच होता. पण फेक सोडून बाकी काही मोजलं गेलं नव्हतं. दोघेही सर्वोच्च पातळीवर पोचले नाहीत.

आपल्याकडे म्हणतात, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. सचिन सोळाव्या वर्षी कसोटी खेळला. वैभव सूर्यवंशीला राजस्थानने तेराव्या वर्षी घेतलं आणि २८ एप्रिल २०२५ ला, चौदाव्या वर्षी, त्याने गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक ठोकलं. मग थांबायचं कशाला? आक्षेप रास्त आहे, कारण अशी मुलं असतात आणि त्यांना अडवून ठेवणं हा मूर्खपणा ठरेल. पण पाळण्यात पाय दिसलेल्या सगळ्यांची यादी केली तर ती वेगळंच सांगते. पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत ५४६ धावा केल्या, २०१८ चा एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक कर्णधार म्हणून जिंकला, त्याच वर्षी राजकोटला पदार्पणाच्या कसोटीत शतक काढलं, आणि नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात त्याला कुणी घेतलं नाही. त्याच लिलावात विरारच्या आयुष म्हात्रेवरही कुणी बोली लावली नव्हती. ऋतुराज गायकवाड जायबंदी झाला म्हणून चेन्नईने म्हात्रेला मधूनच बोलावलं, आणि महिन्याभरात त्याने बंगळूरविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ केल्या. लवकर दिसणारी गुणवत्ता खरी असते. पण तिची मुदत किती, हे त्या दिवशी दिसत नाही. आणि उशिरा दिसणारी गुणवत्ता निवडीच्या यादीत येतच नाही, म्हणून तिची नोंदही नसते.

सुरतेपुरतं बोलायचं तर सगळ्यांत मोठा दाखला घरचाच आहे. हार्दिक पंड्याचा जन्म सुरतेतला, चोर्यासीचा. वडिलांचा गाड्यांच्या कर्जपुरवठ्याचा लहानसा व्यवसाय होता. हार्दिक पाच वर्षांचा असताना तो बंद करून ते कुटुंबासह बडोद्याला गेले, मुलांना किरण मोरे यांच्या अकादमीत घालायला. पाच वर्षांच्या पोरात कुठल्या पारख्याला काय दिसणार होतं? अठराव्या वर्षापर्यंत तो लेगस्पिन टाकायचा. वेगवान गोलंदाजीकडे त्याला बडोद्याचे प्रशिक्षक सनथ कुमार यांनी वळवलं. म्हणजे अठराव्या वर्षी कुणी त्याच्या गोलंदाजीला गुण दिले असते, तर भलत्याच गोलंदाजीला दिले असते. २०१५ मध्ये मुंबईने त्याला १० लाखांच्या मूळ किमतीला घेतलं, ज्या लिलावात युवराज सिंगला दिल्लीने १६ कोटी मोजले. पुढच्याच जानेवारीत हार्दिक भारताकडून खेळला.

पण लिंबायतच्या बापाला हा दाखला नीट लागू होत नाही. पोराच्या खेळासाठी धंदा मोडून गाव बदलणं त्याला परवडत नाही. तो तर पोटासाठी एकदा गाव सोडून आलेलाच आहे. त्याच्या जवळचा दाखला तमिळनाडूतल्या चिन्नप्पमपट्टीचा आहे. टी. नटराजनचे वडील लूमवर रोजंदारीला होते आणि आई रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकायची. विशीपर्यंत नटराजन टेनिस बॉलच खेळला. राज्याच्या संघात आल्यावर त्याची गोलंदाजीची शैली संशयास्पद ठरली आणि ती नव्याने बांधावी लागली. २०१७ मध्ये पंजाबने त्याला ३ कोटींना घेतलं, सहा सामने खेळवले आणि सोडून दिलं. पुढच्या वर्षी हैदराबादने ४० लाखांत घेतलं. २०१८ आणि २०१९ असे दोन हंगाम त्याला एकही सामना मिळाला नाही, पण त्यांनी त्याला ठेवून घेतलं. २०२० मध्ये त्याने १६ बळी घेतले आणि त्याच हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात तो एकदिवसीय, टी-ट्वेंटी आणि गॅबाच्या मैदानावर कसोटी असं तिन्ही प्रकारांत भारताकडून खेळला. पंजाब आणि हैदराबाद दोघांनीही त्याचा यॉर्कर ओळखला होता. फरक पडला तो त्यांनी दिलेल्या मुदतीत.

यावर संघवाला म्हणेल, आम्ही धर्मादाय संस्था नाही. जागा मोजक्या, पैसा मोजका, दोन वर्षं बाकावर बसवायची चैन आम्हाला परवडत नाही. पण पंजाबने सहा सामन्यांसाठी ३ कोटी मोजले, हैदराबादने वर्षाला ४० लाखांत जास्त कमावलं. धीर धरणं हे खर्चाचंच काम आहे असं नाही. कधी कधी तेच स्वस्त पडतं. एका मुलावर कोटी लावण्याऐवजी त्याच पैशात दहा मुलांना तीन-तीन वर्षं लेदर बॉलवर भरपूर सामने देता येतात, आणि मग जी निवड होते तिला पारख म्हणता येतं. जिल्हा संघटनेला तर आयपीएलसारखी घाईही नाही.

सध्या टेनिस बॉलमध्येही भाव आले आहेत. इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग २०२४ मध्ये ठाण्यात सुरू झाली आणि तिचा तिसरा हंगाम २०२६ च्या सुरुवातीला सुरतेच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टरवरच झाला. गल्लीतल्या पोरांवर बोली लागते हे पाहून लिंबायतमध्ये आशा जागणं साहजिक आहे, आणि जो चांगला खेळतो त्याला त्याचे पैसे मिळावेत यात वाईट काही नाही. दहा षटकांत टेनिस बॉलवर हाताचा वेग आणि नजर दिसते, ती नटराजनमध्येही तिथेच दिसली. शिवणीवर पडून हलणारा चेंडू, दुपारी चौथ्या तासाला टिकणारी एकाग्रता, पडल्यावर पुन्हा उभं राहणं, हे तिथे दिसत नाही. ते बघायला सामने लागतात आणि सामने द्यायला कुणीतरी लागतं. अकादम्यांच्या फलकांवर निवड झालेल्यांची नावं आणि फोटो असतात. पालकाने फी भरण्यापूर्वी त्याखाली उभं राहून विचारावं की बाराव्या वर्षी आलेल्यांपैकी सतराव्या वर्षी अजून कितीजण खेळताहेत, वर्षात लेदर बॉलवर किती सामने मिळतात, आणि जे थांबले ते कशाने थांबले: खांद्याने, दहावीने, की घरची पाळी बदलली म्हणून.